घोड्याची ऊ आणि राज्याचा खरारा

१९३९ साली आमच्या वाशीमला एक ताम्रपट सापडला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ती याचे हे दानपत्र इसवी सनाच्या चौथ्या शतकातले आहे; वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशीम. या पटात राजाने आपला आजा पहिला प्रवरसेन याची थोरवी गायिली आहे, आणि त्या थोरवीत चार अश्वमेधांचा उल्लेख आहे. चार अश्वमेध म्हणजे वर्षवर्ष मोकळे सोडलेले चार घोडे. त्यांच्या मागे चालणाऱ्या, संध्याकाळी त्यांच्या पाठीवरून हात फिरवून अंगावर काही चिकटले आहे काय ते पाहणाऱ्या माणसांचे नाव पटात नाही. ते असावयाचे कारणही नाही. परंतु त्याच पटात दान दिलेल्या गावाला ज्या ज्या उपद्रवांतून सूट दिली त्यांची यादी आहे. तीत एक कलम असे की, या गावाने राजपुरुषांना चारा, बसावयास कातडी आणि कोळसा पुरवू नये. सूट लिहून द्यावी लागली, याचा अर्थ इतर गावांना तो पुरवावा लागत होता. वरच्या ओळीत घोड्याची कीर्ती, आणि खालच्या ओळीत त्याच्या चाऱ्याचा भार : घोड्याचा सारा इतिहास या दोन ओळींच्या मध्ये आहे.

तो इतिहास आपण बहुधा वरून वाचतो. स्वार, भाला, टापांची धूळ, वेढा आणि विजय. आज तो जरा खालून, आयाळीच्या मुळापासून वाचावयाचा आहे. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी उवेचा विषय काढला म्हणून वाचकांनी नाक मुरडू नये. घोड्याच्या अंगावर ऊ पडणे हा जितका रोग आहे, तितकाच तो कारभाराचा दाखला आहे. आणि असा दाखला बखरींत सहसा मिळत नाही.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ. घोड्याच्या उवा दोन जातींच्या. एक रक्त पिणारी. ती तीनचार मिलिमीटरची असून आयाळीच्या व शेपटीच्या बुंध्याशी आणि पायांच्या खालच्या लांब केसांत राहते. दुसरी तिच्या निम्म्याने लहान. ती कातडीचा कोंडा कुरतडून जगते आणि मानेच्या बाजूंवर व कुशीवर पसरते. दोघींचा जन्म, संसार आणि मरण घोड्याच्याच अंगावर. त्या केसाला लीख चिकटवतात. लीख एक ते तीन आठवड्यांत फुटते आणि सुमारे महिनाभरात नवी पिढी अंडी घालू लागते. घोड्यावरून खाली पडलेली ऊ थोड्याच दिवसांत मरते. घोड्याची ऊ माणसाच्या डोक्यात संसार करीत नाही आणि माणसाची घोड्यावर करीत नाही. देवाने एवढी तरी विभागणी नीट केली आहे. उवा पडलेला घोडा भिंतीला, खुंटाला अंग घासतो, स्वतःची कूस चावतो, खाण्यावरून त्याचे लक्ष उडते. केस झडून चट्टे पडतात; शिंगरू असेल आणि रक्त पिणाऱ्या उवा फार असतील, तर ते पांढरे पडते.

परंतु यातली खरी गोष्ट पुढेच आहे. पोटभर खाणाऱ्या, रोज अंग घासल्या जाणाऱ्या धडधाकट घोड्यावर उवेचा जम फारसा बसत नाही. ती माजते ती उपाशी, म्हाताऱ्या, आजारी घोड्यावर. हिवाळ्यात केस दाट झाले असता. आणि घोडे दाटीवाटीने बांधले असता. ऊ घोड्याला रोड करते हे खरेच. पण त्याहून अधिक खरे असे की, रोड घोडा उवेला बोलावतो. म्हणून ज्या पागेत उवा दिसल्या, तेथे आधी दाण्याचा हिशेब पाहावा, आणि मग औषधाची पुडी सोडावी.

हे आपल्या जुन्या लोकांस ठाऊक होते. महाभारतात विराटाच्या घरी अज्ञातवासात नकुलाने ग्रंथिक नाव घेऊन घोड्यांची चाकरी पत्करली. राजपुत्राला लपावयास तबेला सोयीचा वाटला, यावरून त्या जागी किती बारीक ज्ञान लागे आणि तिकडे किती कमी लोकांचे लक्ष जाई, या दोन्ही गोष्टी कळतात. शालिहोत्राच्या नावाने अश्ववैद्यकाची मोठी परंपरा चालली. पुढे तिची फारसी भाषांतरे झाली आणि त्या नावावरूनच घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणू लागले. १७८८ साली कलकत्त्यात जोसेफ अर्ल्स याने फारसीवरून त्याचे इंग्रजी करून छापले.

कौटिल्याने तर अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाला वेगळे प्रकरणच दिले आहे. घोड्याच्या ठाणाची जमीन कशी असावी, खाण्याची भांडी कोठे असावीत, दिवसातून किती वेळा स्नान घालावे, हे सारे त्यात आहे. घोडे वाढतात की झडतात हे पाहण्याचे आणि ऋतूप्रमाणे त्यांचा आहार बदलण्याचे काम त्याने वैद्याकडे दिले आहे. आणि मग येतो दंड : उपचारातील हयगयीने रोग बळावला, तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट; वैद्याच्या चुकीने जनावर गेले, तर जनावराची किंमत. कौटिल्याला औषधांच्या गुणावर जेवढा भरवसा होता, तेवढाच माणसांच्या आळसावरही होता, असे हे प्रकरण वाचून वाटते.

तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत आलेल्या मार्को पोलोने याची उलटी बाजू नोंदली आहे. दक्षिणेतले राजे अरबस्तान-इराणकडून दरसाल हजारो घोडे विकत घेत आणि वर्ष संपताना त्यांतले थोडेच जिवंत राहत, कारण त्यांना कसे ठेवावे हे येथे कोणास ठाऊक नव्हते. त्याचे म्हणणे असे की, व्यापारी मुद्दामच घोड्याचे वैद्य इकडे येऊ देत नसत. घोडे मेल्याखेरीज नवे खपणार कसे? प्रवाशाच्या गोष्टीत थोडे तिखटमीठ असावयाचेच. तरी घोडा पैशाने मिळतो आणि त्याची निगा पैशाने मिळत नाही, हा तिचा मथितार्थ खोटा नाही.

अकबराच्या तबेल्याची व्यवस्था आईन-इ-अकबरीत सापडते. तेथे दोन घोड्यांमागे एक सईस, शिवाय नालबंद, पाणक्या, झाडूवाला आणि बैतार म्हणजे घोड्यांचा वैद्य असे. इतकेच नव्हे, तर घोड्यांना दृष्ट लागू नये म्हणून हरमलाचे बी जाळणारा एक स्वतंत्र नोकरही होता. आपण त्या धुपाला हसू. पण धूप घेऊन रोज एक माणूस प्रत्येक घोड्यापाशी जाई, त्याच्याकडे पाही, हेही ध्यानात घ्यावे.

आता आपल्या घरी येऊ. सभासदाने १६९७ च्या सुमारास बखर लिहिली, तीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद. पावसाळ्यात घोडी आपल्या मुलखात छावणीला आणावयाची, त्यांच्यासाठी दाणा, वैरण, औषधे आधीच साठवून ठेवावयाची आणि दसऱ्याला लष्कर बाहेर काढावयाचे. म्हणजे आपण दिवे लावतो त्या सुमारास मराठ्यांची घोडी नुकतीच मुलूखगिरीच्या वाटेला लागलेली असत.

स्वार दोन प्रकारचे. बारगिराचा घोडा सरकारी. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. शिलेदार आपल्या घोड्याला जपे, कारण घोडा मेला म्हणजे भाकरी गेली; आणि त्याच कारणाने ऐन लढाईत तो घोड्याला वाचवू पाही, असा त्याच्यावर आक्षेप असे. बारगीर लढाईत घोडा घाली, कारण तो सरकारचा. पण मग रात्री त्याला कोण जपणार? सरकारी वस्तूचे आपल्याकडे काय होते, ते शाळेतल्या बाकांवरूनही समजते. याला औषध एकच : रोजची मोजदाद, रोजची पाहणी, आणि वेळेवर खरारा.

खरारा म्हणजे दातेरी लोखंडी पट्ट्यांचे ते साधन, आणि त्याने अंग घासण्याचे कामही. पहाटे मोतद्दार घोड्याच्या अंगावर खरारा चालवी; त्याने मेलेले केस निघत, कोंडा सुटे, माती झडे, उवांचा निवारा मोडे. जुन्या मराठीत घोड्याच्या या चाकराला खासदारही म्हणत. तो शब्द पुढे दिल्लीला गेला आणि खरारा मागे राहिला. खराऱ्याचा खरा गुण लोखंडात नाही. तो करताना माणसाचा डावा हात घोड्याच्या कातडीवर असतो आणि डोळा हाताच्या मागोमाग फिरतो. मानेखालचा चट्टा, आयाळीच्या मुळाशी चिकटलेली पांढुरकी लीख, फासळीचे वर आलेले टोक, हे पहिल्या दिवशीच कळते. मात्र येथे एक मेख आहे. एकच खरारा, एकच झूल, एकच खोगीर दहा घोड्यांवर फिरले, तर तोच खरारा उवांची पालखी होतो. म्हणून जाणता मोतद्दार घोड्यागणिक सामान वेगळे ठेवी.

मे १६७३ मध्ये महाराजांनी चिपळूणजवळच्या दळवटण्याच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढ्याच साठी ते आपण मुलांना शिकवतो. पण त्या पत्रातला हिशेब घोड्याच्या तोंडापासून सुरू होतो. साठवलेला दाणा व वैरण पावसाळाभर पुरवावयाची आहे. आज बेहिशेबी चाराल, तर भर पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुमची माणसे कुणब्याच्या घरी शिरतील, कोणी दाणा आणील, कोणी गवत, कोणी भाजी. आणि रयत म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. गवताच्या गंजीपाशी चूल पेटवू नये, जळती वात उंदराने ओढून नेऊ नये, इतका बारीक विचार त्यात आहे. या पत्रात उवेचे नाव नाही. पण घोड्याचे रोड होणे, गावाचे लुटले जाणे आणि राज्याची अब्रू जाणे या तिन्ही गोष्टी एका दाव्याला बांधलेल्या आहेत, हे त्यात जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल. वाशीमच्या ताम्रपटातले चाऱ्याचे कलम आणि हे पत्र यांच्यामध्ये तेराशे वर्षे आहेत. दुखणे तेच आहे.

याच्या उलट चित्र पानिपताचे. १७६० च्या नोव्हेंबरापासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत मराठ्यांची छावणी पानिपतावर कोंडली गेली. उत्तरेचा हिवाळा, लढवय्यांखेरीज बाजारबुणगे आणि यात्रेकरूंची गर्दी, रसद तुटलेली. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेलेही मारले गेले. घोडी भुकेने मरत होती. लढाईच्या दिवशी उरलेल्या घोड्यांत धावण्याचे बळ कितीसे असणार? वर्गात पानिपत शिकवताना मी फळ्यावर तोफा आणि तुकड्या काढतो; पण घोडे काय खात होते, हा प्रश्न फळ्यावर काढता येत नाही, आणि खरे म्हणजे तोच आधी विचारावयास हवा.

औषधे अर्थात होती. कडुलिंबाचे व करंजाचे तेल, वेखंडाची पूड, गंधक ही तर घरोघर माहीत होती. आपल्या वऱ्हाडात उवांवर सीताफळाच्या बियांची पूड चालते, कोठे तंबाखूचा काढाही चालतो. गंमत अशी की, तंबाखू अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आली आणि सीताफळही तिकडचेच मानतात. म्हणजे जी औषधे आपण आजीच्या बटव्यातली समजतो, त्यांतली काही शालिहोत्राने पाहिलीही नसतील. या औषधांनी ऊ मरे. पण सीताफळाची पूड डोळ्यात गेली तर डोळ्याला जबर इजा करते, आणि तंबाखूचा काढा घोड्याच्या अंगात मुरला तर विष होतो. शिवाय या सर्वांना, आणि आजच्या बहुतेक औषधांनाही, एक गोष्ट नीट साधत नाही : लीख मारणे. आज औषध लावले, उवा मेल्या, सारे निश्चिंत झाले; आणि पंधरा दिवसांनी केसांवरच्या लिखांतून नवे सैन्य बाहेर पडले. म्हणून दोन आठवड्यांनी औषध पुन्हा लावावयाचे, आणि एका घोड्याला नव्हे, त्या ठाणावरच्या सगळ्यांना एकदम. या साध्या गोष्टीतही पुन्हा आठवणीने करणारा माणूसच लागतो.

आमच्या वऱ्हाडाचा आणि घोड्यांच्या चंदीचा संबंध तर करारात लिहिलेला आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चासाठी. त्या फौजेत निदान पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार आणि चार तोफखाने असावेत असे ठरले होते. वाशीमच्या कुणब्याने ज्वारी-कापसावर भरलेला सारा या स्वारांच्या पगारात जाई, आणि त्यांची एक छावणी येथून पन्नासएक किलोमीटरवर हिंगोलीस होती. तेथे मराठ्यांचा जुना शिलेदार शब्द इंग्रजांच्या तोंडी ‘सिलेदार’ होऊन नांदत होता : स्वाराने घोडा स्वतःचा आणावयाचा आणि पगारातून त्याला पोसावयाचे.

१९०३ साली हे रिसाले हिंदुस्थानच्या मुख्य लष्करात मिसळले. त्यांतूनच विसावा डेक्कन हॉर्स हा रिसाला निघाला. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सला गेला आणि १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत हाय वुडजवळ भाले घेऊन त्याने घोडी घातली. मशीनगनच्या काळातला तो हल्ला पुस्तकांत पुष्कळ रंगवला आहे. पण त्या आघाडीवर घोडी मेली ती बहुतांशी गोळ्यांनी नव्हे. चिखल, थंडी, अपुरा दाणा आणि रोगराई यांनी मेली. लूत आणि उवा यांचा बंदोबस्त करण्यासाठी घोड्यांचे केस सरसकट कापले गेले. उघड्यावर बांधलेली केस कापलेली घोडी थंडीने गळाठली, आणि मग केस कापण्याचे नियम बदलावे लागले. गंधक-चुन्याच्या पाण्याचे हौद बांधून घोडी त्यांतून पोहून काढली. ऊ मारण्याच्या घाईत घोडाच मरावा, याहून बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. युद्धानंतर सिलेदारी पद्धतच मोडली.

दरम्यान विद्येची नवी दारे उघडली होती. १८६२ साली पुण्याला लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याच्या पाठीशी सर दिनशा पेटिट यांचे दान होते. १९३९ साली, म्हणजे आमचा ताम्रपट सापडला त्याच वर्षी, पॉल म्युलर याने डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आता ऊ संपली असे जगाला वाटले. पुढे त्याच डीडीटीचे विष माती, पाणी आणि दूध यांत उतरलेले सापडले आणि १९८९ साली भारतात शेतीत त्याच्या वापरावर बंदी आली. ऊ होती तेथेच आहे.

आज घोड्याच्या उवांवर पर्मेथ्रिनसारखी औषधे आहेत. आयव्हरमेक्टिन रक्त पिणाऱ्या उवेवर चांगले चालते, कोंडा खाणारीवर तितके नाही. म्हणून ऊ कोणती हे आधी पाहावे लागते. आणखी एक गोष्ट आवर्जून लिहितो. बैलांच्या गोचिडांसाठी गावोगाव मिळणारे अमिट्राझ घोड्याला लावू नये. त्याने घोड्याची आतडी मंदावतात आणि पोटशूळाने घोडा दगावू शकतो. डॉक्टरांना विचारावे, दोन आठवड्यांनी औषध पुन्हा लावावे, झूल-खोगीर गरम पाण्याने धुऊन उन्हात टाकावे, आणि एवढे करूनही उवा जात नसतील तर घोड्याचे दात, पोटातले जंत आणि तोबरा तपासावा. शेवटी गोष्ट पुन्हा चंदीवरच येते.

पण आता तोबरा कोणाच्या हाती आहे? २०१९ च्या पशुगणनेत देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार भरली. सात वर्षांत ती जवळजवळ निम्म्याने कमी झाली होती. फौज गेली, टांगा गेला. आमच्याकडे घोडा उरला आहे तो मुख्यतः लग्नाच्या वरातीत, आणि माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत विकावयास बांधलेला. त्याच्या मागे आता पागा नाही, हवालदार नाही, पंचविसांमागचा नालबंद नाही. लग्नसराईचे चार महिने कमवावे आणि उरलेले आठ महिने त्यावर घोडा व घर दोन्ही चालवावे, असा त्या धंद्याचा हिशेब. पावसाळ्यात आधी कोणाच्या ताटातले कमी होत असेल, हे सांगावयास नको. अशा घोड्यावर ऊ दिसली की त्याच्या मालकाला निर्दयी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. जुन्या काळी घोडा रोड झाला तर दंड अधिकाऱ्याला होई, कारण चाऱ्याची तजवीज त्याच्याकडे असे. आज तजवीज कोणाकडेच नाही आणि दोष मात्र एकट्या गरिबाच्या पदरी आहे.

दिवाळी झाली, तुळशीचे लग्न लागले की वराती सुरू होतील. जरीच्या झुलीखाली घोडा उभा असेल, बँड वाजत असेल. नवरदेवाच्या मामाने भाचा वर बसवण्याआधी एकदा घोड्याची आयाळ बोटाने उचलून पाहावी. मुळाशी काही पांढरे दिसले, तर ठरलेल्या पैशांवर हरभऱ्याची पायली घोडेवाल्याच्या पदरात जास्त घालावी आणि पशुवैद्यकीय दवाखान्याची वाट सांगावी. वरातीच्या खर्चात ती पायली कोणाच्या लक्षातही येणार नाही, घोड्याच्या येईल.